माहेर दाखवणारी नळी

हिरामण भोईरच्या नजरेबद्दल भिवंडीच्या कापडबाजारात आजवर कोणी शंका काढली नव्हती. धामणकर नाक्याजवळच्या एका सेठकडे तो सव्वीस वर्षं चेकर होता. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा, त्यावर धागे मोजायचं घडीचं छोटं भिंग ठेवायचं (बाजारात त्याला पिक-ग्लास म्हणतात) आणि एका इंचात किती धागे बसलेत ते सांगायचं, हे त्याचं काम. तो भिंगावर वाकला की लूमवाले श्वास रोखून उभे राहायचे. अशा माणसाने एके दिवशी घरी येऊन जाहीर केलं, की आईला तिचं माहेर मी खिडकीतून दाखवणार. कमळ, म्हणजे त्याची बायको, भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायका अशा घोषणांवर लगेच मत देत नाहीत.

भानगड अशी होती. हिरामणचं घर खारबाव स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, खाडीला टेकलेल्या गावात. खाडीच्या पलीकडे चिंचटेंभ. तेच त्याच्या आईचं, पुतळाबाईचं माहेर. सरळ रेषेत पाहिलं तर जेमतेम अडीच किलोमीटर. पण पूर्वीची होडी बंद पडलेली आणि रस्त्याने जायचं तर ठाण्याला वळसा घालून अर्धा दिवस. त्या चिंचटेंभला गावदेवीचं नवं देऊळ झालं होतं आणि २००६ सालच्या वैशाखात त्यावर कळस चढणार होता. हा कळस गावच्या लेकींचा. सासरी गेलेल्या प्रत्येकीने आपल्या संसारातलं एकेक तांब्या-पितळेचं भांडं दिलं, ते सगळं वितळवून पुरुषभर उंचीचा कळस ओतला. पुतळाबाईने लग्नातला हंडा दिला होता. आणि चिंचटेंभची रीत अशी, की कळस बसवला की गावच्या सगळ्यांत थोरल्या लेकीने तो डोळ्यांनी बघून "बसला" म्हणायचं. तिने म्हटलं की बसला. तोवर गवंडी सिमेंटला हात लावत नाही.

सगळ्यांत थोरली लेक पुतळाबाई. वय चौऱ्याहत्तर. आणि ती फाल्गुनात ओट्यावरून पडली. मांडीच्या हाडात सळई घातली, खुर्चीत बसवून वरच्या खोलीत नेली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, की तीन महिने जिना उतरायचा नाही. "आणि भिवंडीच्या रस्त्यावरून गाडीत तर सहा महिने नाही," असं ते पुढे म्हणाले. ते स्वतः रोज त्याच रस्त्याने येत होते.

मग मान गेला दुसऱ्या नंबरच्या लेकीकडे. ती काशी, पुतळाबाईची चुलत बहीण, दोन वर्षांनी धाकटी. दोघींचं लहानपणापासून बरं होतं. म्हणजे एकीचं बरं झालेलं दुसरीला बघवत नसे, एवढंच. निरोप आला त्या दिवशी पुतळाबाईने ताट सरकवलं.

"काशीला मोतीबिंदू हाय," ती म्हणाली. "तिला कळस कंचा नि कावळा कंचा, कळत न्हाय. ती काय बघणार? माझा हंडा हाय त्यात. बसला का न्हाय, मला बघूं नको?"

दुसऱ्या दिवशीही ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी हिरामणने ती घोषणा केली.

दूरचं बघायचं म्हणजे जोरदार काच पाहिजे, आणि जोरदार म्हणजे जाड, हे हिरामणने गृहीतच धरलं. गावात सगळ्यांत जाड काच भाऊंच्या चष्म्याला होती. भाऊ हे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, वयाने मोठे, जमिनीचे मालक आणि सल्ल्यांचे सढळ दाते. त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. हिरामणने तो मागून आणला आणि आईच्या खिडकीतून खाडीपलीकडे धरला. चिंचटेंभ दिसलं. फक्त होतं त्याच्या अर्धं झालं होतं.

पुतळाबाईनेही बघितलं. "अजून लांब ढकल माझं माहेर," ती म्हणाली. "वसईला नेऊन ठेव."

तिकडे भाऊ चष्म्याशिवाय अंगणात उतरले आणि कोंबडीला मांजर समजून हुसकावत राहिले. या प्रकरणात त्यांचं मन पहिल्यांदा कलुषित झालं ते इथे.

शेवटी हिरामण धामणकर नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेला. तिथे संघरत्ना नावाची तरुण मुलगी डोळ्यांचे नंबर काढायची. रीतसर शिकून आलेली, बोलायला नीट आणि बिनचूक.

"काका, तुमच्या भाऊंची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड आहे. ती उजेडाचे किरण फाकवते, म्हणून गाव लहान झालं. तुम्हाला उलटी पाहिजे, मध्ये फुगीर, किरण गोळा करणारी."

"मग सगळ्यांत फुगीर द्या."

"नाही, सगळ्यांत कमी फुगीर. एक नंबरची."

हिरामणने ती काच हातात घेतली. कपाटाच्या दाराची काच असावी तशी साधी, जवळजवळ सपाट. सव्वीस वर्षं ज्याच्या नजरेला बाजार मान देतो त्याला पोरीने बाळाच्या चष्म्याची काच द्यावी, हे त्याला लागलं. तसं त्याने बोलूनही दाखवलं. संघरत्ना वाद घालत बसली नाही. तिने दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोरा कागद धरला आणि मीटरभर अंतरावर, दाराच्या बाजूने ती काच. कागदावर धामणकर नाका उमटला. रंगीत, हलता आणि उलटा. रिक्षा छताला चाकं लावून चालल्या होत्या, हमाल डोक्यावर चालत होते, आणि ट्रॅफिक उलटा होऊनही तुंबलेलाच होता.

"काच किरण जितके कमी वाकवते तितकं चित्र लांब पडतं, आणि मोठंही. ही एक मीटरवर पाडते. आता मला सांगा, हे चित्र अजून मोठं करून बघायला तुमच्या खिशात काय आहे?"

हिरामणचा हात आपोआप पिक-ग्लासकडे गेला.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "गावाचं चित्र हवेत तागा पसरावा तसं पसरायचं, आणि मी ते चेक करायचं?"

"बरोबर. दुर्बीण म्हणजे तेवढंच."

त्या संध्याकाळी तो घरी आला तो हवेत चालत. ताग्याच्या आतला पुठ्ठ्याचा लांब रोल सेठकडून मागून आणला होता. त्याच्या एका टोकाला एक नंबरची काच, दुसऱ्या टोकाला पिक-ग्लास, मध्ये चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत तांदळाची गोणी ठेवून त्यावर रोल टेकवला. हिरामणने डोळा लावला, रोल सरकवला, आणि एकदम देऊळ आलं. शिखर, बांबूंची परांची, पायरीवर पसरलेलं कुत्रं, सगळं हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. त्याने आईला पुढे केलं.

पुतळाबाईने बराच वेळ बघितलं. मग तिचा आवाज चढला.

"माझं माहेर उलटं टांगलंस! देवीचं देऊळ वाघळासारखं लोंबतंय! कळस चढायच्या आधी असलं दाखवतंस, मेल्या?"

या प्रश्नावर गावाने सल्ले दिले. गाव सल्ल्याला कधीच मागे राहिलं नव्हतं. भाऊंनी सांगितलं, की नळी फिरव, खालची बाजू वर कर. फिरवली. देऊळ उलटंच. कोणी म्हणालं, आरशात बघा. आरशात बघितलं, तर देऊळ उलटं राहिलं आणि वर मध्येच भाऊंचं तोंड दिसलं. कमळ म्हणाली, "मग आईंनाच..." आणि तिथेच तिने जीभ चावली. पुतळाबाई त्यानंतर दोन दिवस तिच्या हातचा चहा जपून प्यायली.

हिरामण पुन्हा धामणकर नाक्यावर. संघरत्ना हसली नाही, हे तिचे त्याच्यावर मोठे उपकार झाले. "उलट्याचं उलटं करायचं, काका. मध्ये आणखी एक भिंग. पहिल्या काचेने उलटं पाडलेलं चित्र ते पुन्हा उलटं करून पुढे देईल, म्हणजे सरळ." तिने वाचायचं एक भिंग दिलं, किती अंतरावर बसवायचं ते कागदावर काढून दिलं, आणि म्हणाली, नळी हातभर वाढेल.

ती वाढली तशी पुठ्ठ्याच्या रोलने मान टाकली. मग प्लंबरकडून तीन इंची पाईप आणला, पाच फुटी. आत पांढरा, म्हणून सगळीकडून चकाकी येई. त्याला आतून काळं कापड लावलं. मग देऊळ सरळ दिसलं, पण भोवती निळी-तांबडी किनार. पुतळाबाईने हात जोडले. तिला तो देवीचा चमत्कार वाटला. हिरामणला तो काचेतला दोष वाटला. त्याने पुढच्या काचेवर रुपयाएवढं भोक पाडलेला पुठ्ठा बसवला, तेव्हा किनार ओसरली आणि शिखरावरच्या बांबूची गाठन् गाठ मोजता आली. चेकरच्या तोंडून तो दिवसभर "वा" शिवाय काही निघालं नाही.

फक्त एक झालं. पाच फुटी पाईपचा अर्धा भाग खिडकीबाहेर आला, आणि खिडकीखाली भाऊंचं अंगण होतं.

तीन दिवसांनी ग्रामपंचायतीची नोटीस आली. "आपण आपल्या घराच्या पहिल्या मजल्यावरून विनापरवाना सांडपाण्याची नळी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सात दिवसांत खुलासा करावा." तक्रारदाराचं नाव नव्हतं, पण सकाळी ओट्यावर भाऊ नको इतके गोड हसले, त्यावरून जे समजायचं ते हिरामण समजला. कळस पाच दिवसांवर आला होता.

हिरामणने नोटीस वाचली आणि वरच्या खिडकीत ठेवली. वाचायचं ते भिंग साफ करायला काढलेलं होतं, ते घरंगळू नये म्हणून नोटिशीशेजारी वाटीवर कलतं ठेवलं, आणि तो ड्युटीवर गेला. दुपारचं ऊन फिरून खिडकीत आलं. भिंगाने आपलं काम केलं, म्हणजे किरण गोळा केले. संध्याकाळी नोटिशीतल्या "सांडपाण्याची" या शब्दाच्या जागी काळ्या कडेचं गोल भोक होतं.

"सरकारी कागद जाळला?" ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी पाहणीला आले तेव्हा म्हणाले.

"मी न्हाय जाळला. सूर्याने."

"सूर्याचा खुलासा चालत नाही." त्यांनी छापील फॉर्म काढला. माणूस वाईट नव्हता, फक्त फॉर्ममध्ये रिकामी जागा राहिलेली त्यांना सहन होत नसे. "नळीची लांबी?"

"पाच फूट."

"नळी कुठून कुठे जाते?"

"आईच्या डोळ्यापासून तिच्या माहेरापर्यंत."

ग्रामसेवकांनी पेन थांबवलं, विचार केला आणि लिहिलं: खिडकी ते बाहेर. "नळीतून काय वाहते? पाणी, सांडपाणी, का इतर?"

हिरामणने दोन्ही टोकांच्या काचा दाखवल्या. पाणी जाणार कुठून? मग तो म्हणाला, "लिहा साहेब. इतर. उजेड."

"उजेड?"

"तेवढाच जातो तिच्यातून."

ग्रामसेवकांनी डोळा लावला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग गोणीशेजारी गुडघे टेकून नीट बसले. चिंचटेंभच्या धक्क्यावर कोणीतरी मासे निवडत होतं, ते त्यांनी शेवटच्या बोंबिलापर्यंत बघितलं. खाली भाऊ ताटकळत उभे. अखेर साहेबांनी उठून पँटचे गुडघे झटकले आणि फॉर्मवर शेरा मारला: "नळीतील प्रवाह पाहिला. निरुपद्रवी आढळला." जाताना त्यांनी हळूच विचारलं, की कळसाच्या दिवशी आलो तर चालेल का. हिरामणने इतक्या मोठ्या मनाने होकार दिला, की त्याचा त्यालाच हेवा वाटला.

कळसाचा दिवस उजाडला. ऊन चढलं की खाडीवरची हवा थरथरते आणि देऊळ पाण्यात असल्यासारखं हलतं, म्हणून मुहूर्त सकाळी आठचा आहे यात हिरामणला देवीची कृपा दिसली. पुतळाबाई जरीचं लुगडं नेसून खुर्चीत बसली. एका हातात हिरामणचा मोबाईल, त्याच्या पलीकडच्या टोकाला तिचा धाकटा भाऊ महादू, देवळाच्या पायथ्याशी. खोलीत कमळ, ग्रामसेवक, आणि दारात भाऊ. "मी काय, चष्मा परत न्यायला आलो होतो," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

कळस वर चढला. शिखरावर टेकला. पुतळाबाई नळीला डोळा लावून बसलेली, श्वाससुद्धा जपून घेणारी. फोनमधून ताशाचा आवाज आला, मग सगळं शांत झालं आणि काशीचा आवाज ऐकू आला, खणखणीत:

"बसला!"

"न्हाय बसला," पुतळाबाई म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"महादू, तिला सांग, न्हाय बसला. कळस वाकडा हाय. वसईच्या अंगाला कलता हाय."

"आक्का," महादूचा आवाज आला, "हितं दोनशे माणूस उभा हाय. कुनाला न्हाय दिसला वाकडा. कोसभरावरून तुला दिसला? तुझी नळी वाकडी असंल."

मागे कोणीतरी हसलं. काशीच असावी. पुतळाबाईचा चेहरा उतरला. तिने नळीवरून डोळा काढला आणि हिरामणकडे बघितलं. दारातून भाऊ म्हणाले, "पाईप हाय तो. त्याच्यातनं सरळ काय दिसनार?"

हिरामणने स्वतः डोळा लावला. कळस कलता दिसत होता, अगदी थोडा. आता दोष नळीत का कळसात? चुकला तर आईचं हसं खाडीच्या दोन्ही काठांवर होणार होतं, आणि तेही काशीसमोर. आणि मग त्याला आपलं काम आठवलं. ताग्यात काही वाकडं दिसलं, की लूमवाला हमखास म्हणतो, कापड बरोबर आहे, तुमचं भिंग खराब आहे. त्यावर चेकर वाद घालत नाही. तो भिंग कापडावर गोल फिरवतो. दोष भिंगाबरोबर फिरला तर भिंगाचा. जागेवर राहिला तर कापडाचा.

त्याने गोणीवरचा पाईप हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पाव, अर्धा, पूर्ण. काळं कापड फिरलं, काचा फिरल्या, चिकटपट्ट्या फिरल्या. कळस जिथे कलला होता तिथेच कलता राहिला.

त्याने फोन घेतला. "मामा, मी हिरामण बोलतो. सव्वीस वर्षं चेकर हाय. नळी फिरवून बघितली, दोष कळसात हाय. खाली उभं राहून मान वर केली की कसला पण कळस सरळच दिसतो. गवंड्याला ओळंबा सोडायला सांग."

"हिरामन, मुहूर्त टळंल..."

"माझा हंडा हाय त्यात!" पुतळाबाई अशी ओरडली, की फोन नसता तरी चिंचटेंभला ऐकू गेलं असतं. "ओळंबा सोड!"

ओळंबा सुटला. हिरामणने आईला पुन्हा नळीपाशी आणलं. परांचीवरचा गवंडी दोरी धरून वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा. मग महादू म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला होता:

"आक्का, दोन बोटं कलता हाय गं."

ग्रामसेवकांनी टाळी वाजवली. भाऊंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, की ही नळी बनवताना फिरवायची कल्पना मूळ त्यांचीच. कोणी ते खोडून काढलं नाही. त्या घडीला हिरामण कोणालाही काहीही देऊन टाकायला तयार होता.

पुढची दहा मिनिटं चिंचटेंभच्या कळसाची सूत्रं खाडीपलीकडच्या एका खुर्चीतून हलत होती. "ठान्याच्या अंगाला घे. अजून. लई झालं, मागं घे. गवंड्याला म्हनावं, बिडी टाक आधी, दोन्ही हात लाव." गवंड्याने दचकून बिडी टाकली. खाली दोनशे माणसं कळसाकडे बघायचं सोडून खाडीकडे तोंड करून उभी होती. पुतळाबाईने एकदा डोळा काढून पुसला, पुन्हा लावला. खोलीत कोणी हललं नाही.

"बसला," ती म्हणाली.

नळीत तिला लोकांचे हात वर गेलेले दिसले, फटाक्यांचा धूर दिसला, फोनमध्ये गलका झाला. आणि सात-आठ सेकंदांनी खाडी ओलांडून खऱ्या फटाक्यांचा आवाज खिडकीतून खोलीत आला. कमळने तिच्या पाठीवर हात ठेवला. पुतळाबाईने तो ठेवू दिला.

मग फोनवर काशी आली. "पुतळे, मला खालनं सरळच दिसला गं."

"तुझा मोतीबिंदू काढून घे आधी."

मग काशीने विचारलं, "मी दिसते का गं तुला?"

पुतळाबाईने नळी थोडी खाली केली, गर्दीत इकडेतिकडे शोधलं. "दिसतेस. हिरवं लुगडं. पायरीवर उभी हायस. वाळलीस किती गं तू." आणि मग, "रडतेस कशाला?"

"मी कुठं रडते?"

"डोळ्यावरचा पदर खाली घे नि मग बोल."

पुतळाबाईने हिरामणला हाक मारली. "तुझी काच धुरकटली रे."

हिरामणने काच बघितली. लख्ख होती. तरी त्याने ती सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि "आता बघ" म्हणाला. आईजवळ दोन शब्द बोलावेत म्हणून तो खुर्चीशेजारी वाकला, तेवढ्यात तिने कोपराने त्याला बाजूला सारलं.

"सरक. उजेड अडवतंस. पंगत बसली, काशीच्या पानात लाडू किती वाढतात ते बघूं दे."